काट्यावरचं जुनं मशीन चालू होत नाही तेव्हा

कापसाचा हंगाम भरात आला की माझा फोन पहाटे सहापासून वाजायला लागतो. धरणगाव, एरंडोल, बोदवड, जामनेर, कुठल्या ना कुठल्या कापूस जिनिंगच्या भुईकाट्यावरून, म्हणजे भरल्या गाडीचं वजन करणाऱ्या काट्यावरून, ऑपरेटर बोलत असतो. "काका, मशीन चालूच व्हई नई ऱ्हायनं. बाहेर गाड्यास्नी लाइन लागेल शे." गेटबाहेर रात्रभर थंडीत ट्रॉलीवर झोपलेले शेतकरी वजनासाठी उठून बसलेले असतात आणि काट्याच्या खोलीत टेबलाखाली कॉम्प्युटर ढिम्म. मला तिथे पोचायला कधी तास लागतो, कधी दोन. म्हणून मी फोनवरच ऑपरेटरकडून जमेल तेवढं करून घेतो, आणि पुष्कळदा मला गाडी काढावीच लागत नाही. ते सगळं इथे लिहून ठेवतो आहे. घरातलं, शाळेतलं, खताच्या दुकानातलं जुनं डेस्कटॉप असलं तरी क्रम हाच.

काट्यावरचं मशीन जुनं असण्याला कारण असतं. वजनाच्या इंडिकेटरची वायर मागच्या नऊ पिनांच्या सिरियल पोर्टात येते, पावतीचं सॉफ्टवेअर विंडोज एक्सपीवर बसवलेलं असतं, पावती डॉट मॅट्रिक्सवर कार्बनसकट निघते. मशीन बदललं की ही सगळी साखळी नव्याने जुळवावी लागते, तीही ऐन हंगामात. त्यामुळे पंधरा-अठरा वर्षांचा डबा जपून चालवणं शहाणपणाचं आहे, आणि तो चालतो.

माझी पद्धत मी केळीच्या बागेत शिकलो. शेवटच्या ओळीत पाणी आलं नाही तर माझे वडील कधी ती ओळ उकरत बसले नाहीत. ते मोटारीपाशी जायचे. मोटार चालू आहे का, फिल्टरपाशी दाब आहे का, मेन लाइन, मग सबमेन, मग नळी. पाणी जिथवर आलं तिथवर सगळं ठीक. जिथे थांबलं तिथे दोष. कॉम्प्युटरमध्ये विजेचं हेच करायचं. भिंतीपासून निघायचं आणि वीज कुठवर पोचली ते बघत आत जायचं. मधूनच मदरबोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डावर, उडी मारली की पैसे जातात.

फोनवर मी आधी काय विचारतो

"चालू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगवेगळे आजार असतात. बटण दाबल्यावर हूं नाही की चूं नाही, पंखा नाही, दिवा नाही, असं असेल तर वीज आतच येत नाही किंवा आलेली वीज कोणी उघडत नाही. पंखा एकदा थरारतो आणि थांबतो, असं असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे किंवा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, दमला आहे. पंखे मजेत फिरतात पण पडदा काळा, असं असेल तर विजेचा प्रश्न बहुतेक सुटलेलाच आहे, रॅम म्हणजे मेमरीची पट्टी बघायची. म्हणून बटण दाबताना कॅबिनेटला कान लावा, खोलीतला टेबल फॅन बंद करा, आणि मागे एसएमपीएसच्या पंख्यासमोर हात धरा. ऑपरेटरने एवढं नीट सांगितलं तर मला आजार अर्धा कळतो.

आता भिंत. बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा, प्लगची पिन ढिली नाही ना ते बघा. स्पाइक बस्टर असेल तर तो बाजूला काढून थेट भिंतीत लावा. त्याच्या आतल्या पट्ट्या सैल होतात आणि लाल दिवा लागूनही वीज पुढे जात नाही. यूपीएसलाही तात्पुरतं वगळा. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन उन्हाळ्यांत बसते, आणि काही यूपीएस बॅटरी मेल्यावर पुढे लाइटच देत नाहीत. यूपीएस वगळून मशीन चालू झालं तर त्या दिवशी काम तसंच उरका आणि बॅटरी बदला.

पॉवर केबलसाठी सोपी युक्ती आहे. मॉनिटर बहुतेक त्याच तीन पिनांच्या केबलवर चालतो. मॉनिटरचा दिवा लागतोय ना? मग त्याची केबल काढा आणि कॅबिनेटला लावा. केबल एसएमपीएसमध्ये दाबून, शेवटपर्यंत बसवा. काट्याच्या खोलीला प्रत्येक ट्रकबरोबर हादरा बसतो, त्यामुळे ही केबल हळूहळू बाहेर सरकते. मी चाळीस किलोमीटर जाऊन नुसती केबल दाबून परत आलो आहे, म्हणून ही पायरी मी कधी गाळत नाही.

एसएमपीएसवर मागे खटका असेल तर तो रेघेच्या बाजूला हवा, शून्याच्या बाजूला नको. जुन्या एसएमपीएसवर आणखी एक लाल सरकता खटका असतो, ११५ आणि २३० असं लिहिलेला. तो २३० वरच राहिला पाहिजे. सफाई करताना कोणी तो ११५ वर सरकवला आणि आपली लाइट दिली, तर मोठा आवाज होतो आणि एसएमपीएस जातो. मी प्रत्येक काट्यावर त्या खटक्यावर चिकटपट्टी लावून ठेवली आहे.

आता केबल काढा आणि समोरचं बटण तीस सेकंद दाबून धरा. मग केबल लावून पुन्हा सुरू करा. लाइट झटका देऊन गेली-आली की एसएमपीएसचं संरक्षण अडकून बसतं. उरलेली वीज अशी उतरली की ते सुटतं. मे-जूनच्या वळवाच्या पावसानंतर आलेल्या फोनमध्ये मी हेच आधी करायला लावतो.

शेतीच्या फीडरवर असाल तर व्होल्टेजही मोजा. साधा पिवळा मल्टिमीटर एसीच्या ७५० वर ठेवायचा. २३० च्या आसपास हवं. १७० दिसलं तर मशीन हटून बसणारच. गावातल्या मोटारी चालू असताना बंद आणि रात्री अकराला आपोआप ठीक, अशा मशीनचा दोष तारेत असतो.

कॅबिनेट उघडताना

आधी भिंतीतली केबल काढा. खटका बंद करून भागत नाही, केबलच काढा. मग कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल. हिवाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी, त्यात अंगावर स्वेटर; रॅमला हीच स्थिर वीज मारते. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर वीज काही वेळ टिकून राहते. हे मी कळवळून सांगतो, कारण शिकाऊ असताना माझ्या डाव्या हाताला तो झटका बसला आहे आणि संध्याकाळपर्यंत बोटं नीट मिटत नव्हती.

झाकण काढल्यावर जिनिंगच्या मशीनमध्ये जे दिसतं ते दुसरीकडे दिसणार नाही. रुईचे तंतू हवेबरोबर आत ओढले जातात, त्यात मातीची धूळ मिसळते, आणि प्रोसेसरच्या हीटसिंकच्या, म्हणजे त्याला थंड ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या, पात्यांवर राखाडी नमदा तयार होतो. वरून पंखा फिरतो, पण वारा खाली उतरतच नाही. मी तो चिमट्याने धरून ओढतो तेव्हा पात्यांच्या खाचांचे ठसे घेऊन अख्खा एका तुकड्यात निघतो, चपटा आणि दाट. नंदुरबारकडे मिरचीच्या व्यापाऱ्यांकडे हीच जागा लाल असते. तिथे नाकाला रुमाल बांधल्याशिवाय झाकण काढू नका.

धूळ मऊ ब्रशने सोडवा आणि ब्लोअरने उडवा. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा; मोकळं सोडलं तर ते भयंकर वेगात फिरतं आणि बेअरिंग खराब होतं. ओलं फडकं आत नेऊ नका.

मग डोळ्यांनी बघा. उंदराने कुरतडलेली वायर, लेंड्या, मुंग्यांची माती. आणि पाल. उबेला पाल एसएमपीएसच्या जाळीतून आत शिरते आणि दोन टोकांना तिचं अंग टेकलं की शॉर्ट होतो. पारोळ्याकडच्या एका काट्यावर मशीन पंखा थरारून थांबत होतं. टॉर्च लावून बघितलं तर मदरबोर्डाच्या खालच्या कडेला, स्क्रूच्या बाजूला, वाळून कागदासारखी झालेली पिटुकली पाल चिकटली होती. ती काढली, जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मशीन आजही चालू आहे. मागच्या बाजूला ज्या पट्ट्यांवर कार्ड नाही त्या फटी पत्र्याने बंद करा. पाल तिथूनही येते.

वीज दारात आहे, दार कोण उघडत नाही?

केबल लावा, बटण दाबू नका, आणि मदरबोर्डवर कुठे हिरवा दिवा लागलाय का बघा. बऱ्याच बोर्डांवर तो असतो. लागला असेल तर भिंतीपासून एसएमपीएसपर्यंत आणि तिथून बोर्डापर्यंत वीज पोचली आहे. बंद मशीनमध्येही एसएमपीएस जांभळ्या वायरीतून ५ व्होल्ट सतत देत असतो, त्याचाच हा दिवा. दिवा नसलेला बोर्ड असेल तर मल्टिमीटर डीसीच्या २० वर ठेवा, काळा प्रोब कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला आणि लाल प्रोब एसएमपीएसमधून मदरबोर्डवर येणाऱ्या वीस-चोवीस पिनांच्या मोठ्या कनेक्टरच्या पाठीमागून जांभळ्या वायरीच्या भोकात. ५ च्या जवळ आकडा हवा. शून्य असेल तर एसएमपीएस गेला, पुढचं काही करू नका.

जांभळी ठीक असेल तर तोच लाल प्रोब हिरव्या वायरीवर न्या आणि कोणाला तरी बटण दाबायला सांगा. ही चाचणी मला सगळ्यांत आवडते, कारण ती खोटं बोलत नाही. बटण दाबण्याआधी हिरवीवर काही व्होल्ट दिसतात, दाबताच आकडा शून्याजवळ येतो. बोर्ड एसएमपीएसला "उघड" म्हणतो तो असा. आकडा खाली आला तरी पंखा हलला नाही तर दोष एसएमपीएसचा, किंवा आतल्या शॉर्टमुळे तो लगेच मिटतोय. आकडा जागचा हललाच नाही तर निरोपच गेला नाही. म्हणजे बटण, किंवा बोर्ड.

बटणावर आधी संशय घ्या. जुन्या कॅबिनेटचं बटण आतून झिजतं, प्लॅस्टिकचा दांडा तुटतो, धूळ बसून दाबलेलंच राहतं. बोर्डाच्या कोपऱ्यात बारीक पिनांचा झुबका असतो, जिथे समोरच्या वायरी येतात. पीडब्ल्यूआर किंवा पॉवर एसडब्ल्यू असं लिहिलेल्या दोन पिनांवरची वायर काढा आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने त्या दोन पिना क्षणभर जोडा. मशीन चालू झालं तर बाकी सगळं ठणठणीत, बटण खराब. लगेच काम चालवायचं असेल तर रीसेट बटणाची वायर त्या पिनांवर लावा. आता रीसेटचं बटण दाबलं की मशीन सुरू. काट्यांवर अशी मशिनं हंगामभर चालली आहेत.

हे मी एवढं लांबवून सांगतोय कारण एका विकास सोसायटीच्या दिवाणजींना कोणी तरी मदरबोर्ड गेला म्हणून सांगून अख्खं नवीन मशीन घ्यायला लावलं. जुना डबा गोडाऊनमध्ये पडला होता, सभासदांच्या कर्जखात्यांची दहा वर्षं त्यात. मी बघायला गेलो तर फक्त बटण अडकलेलं होतं. दिवाणजींनी तो पैसा स्वतःच्या खिशातून भरला होता, हे मला आजही टोचतं.

एसएमपीएस एकट्याने तपासणं

केबल काढा. मदरबोर्डवरचा मोठा कनेक्टर, जुना असेल तर वीस पिनांचा आणि नंतरचा असेल तर चोवीस पिनांचा, बाजूची चाप दाबून सरळ ओढा. प्रोसेसरजवळचा चार पिनांचा चौकोनीही काढा. हार्ड डिस्कची वायर काढा, पण जुना सीडी ड्राइव्ह लावलेला राहू द्या. काही जुने एसएमपीएस थोडा भार असल्याशिवाय सुरूच होत नाहीत. आता वायरीचा छोटा तुकडा घेऊन हिरवी आणि तिच्या शेजारची काळी जोडा, आणि मग केबल लावा. पंखा फिरला तर मोजा. पिवळीवर १२ (११.४ ते १२.६ चालेल), लालवर ५ (४.७५ ते ५.२५), नारिंगीवर ३.३. पिवळीवर १०.८ दिसत असेल तर पंखा फिरत असूनही तो एसएमपीएस निकामी समजा. जुन्या ब्रँडेड मशिनांत काहींचा वायरींचा क्रम वेगळा असतो, तिथे रंगावर भरवसा ठेवण्याआधी मॉडेलचं मॅन्युअल बघा.

एसएमपीएस बदलताना अगदी हलका, स्वस्तातला घेऊ नका. हातात धरला की वजन लागलं पाहिजे. बदलल्यावर तो चौकोनी चार पिनांचा कनेक्टर लावायला विसरू नका. तो राहिला तर पंखे फिरतात, पडदा काळाच राहतो, आणि माणूस उगाच नव्या एसएमपीएसला दोष देतो.

पंखा थरारून थांबतो, किंवा पडदा काळा

आता बोर्डावरचं ओझं उतरवा. प्रिंटर, यूएसबी, इंडिकेटरची सिरियल वायर, सीडी ड्राइव्ह, हार्ड डिस्क, जास्तीची कार्डं, सगळं सोडवा. बोर्ड, प्रोसेसर आणि त्याचा पंखा, एक रॅम, एवढंच ठेवा. चालू झालं तर एकेक परत लावा आणि दर वेळी सुरू करून बघा. समोरच्या यूएसबीतली वाकलेली पिन हा माझ्या अनुभवात नेहमीचा गुन्हेगार.

रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरने एकाच दिशेने हलके घासा, किस झटका, स्लॉटमध्ये ब्रश फिरवा, आणि दोन्ही बाजूंनी कट्ट वाजेपर्यंत बसवा. दुसरा स्लॉट असेल तर त्यातही लावून बघा. बोर्डाला छोटा स्पीकर असेल आणि तो रॅम नसताना बोंबलत असेल तर ती चांगली खूण. प्रोसेसर जिवंत आहे.

मग नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२. नवी ३ व्होल्ट दाखवते. २.५ च्या खाली गेली असेल तर बदला. काही जुने बोर्ड ही बॅटरी मेली की सुरूच होत नाहीत, आणि ती बदलणं चहा-नाश्त्याच्या पैशांत होतं.

शेवटी कपॅसिटर. प्रोसेसरभोवती उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्यांचं डोकं सपाट हवं. २००० नंतरच्या काही वर्षांत निकृष्ट कपॅसिटर जगभरच्या बोर्डांत गेले होते, आणि त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला बाहेर ४५ अंश, पत्र्याच्या खोलीत आणखी जास्त. दर दहा अंशांना कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं. डोकं फुगलेलं किंवा वर तपकिरी गंजासारखं काही आलेलं दिसलं तर तो बोर्ड चांगल्या सोल्डरिंगवाल्याकडे द्या. तेवढ्याच मायक्रोफॅरडचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टचा कपॅसिटर टाकायचा, पांढऱ्या पट्टीची बाजू न चुकता. माझ्याकडे असे बदललेले बोर्ड सात-आठ वर्षं चालले आहेत.

एवढं करूनही बोर्ड मुका असेल तर तो गेला असं धरा. हार्ड डिस्क मात्र बहुधा शाबूत असते. ती काढून यूएसबी अडॅप्टरवर दुसऱ्या मशीनला लावा, रुंद चपट्या केबलची असेल तर आयडीईचा अडॅप्टर मागा, आणि वजनाच्या नोंदी आधी उतरवून घ्या.

अर्थिंग

हा भाग कोणी विचारत नाही, पण मशीन का मरतं याचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. कॅबिनेटला उघड्या हाताने हात लावला की झिणझिण्या येतात ना? एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या फिल्टरमुळे थोडी वीज डब्यावर येते आणि अर्थिंग असेल तर जमिनीत निघून जाते. अर्थिंग नसेल तर मल्टिमीटर कॅबिनेट आणि जमिनीमध्ये शंभराच्या आसपास दाखवतो. इंडिकेटर एका अर्थिंगवर आणि कॉम्प्युटर बिनअर्थिंगचा असला तर मधली सिरियल वायर तो फरक स्वतःवर घेते आणि पोर्ट जळतो. म्हणून ती वायर लावताना-काढताना दोन्ही बंद ठेवा. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. फेब्रुवारीपासून पाऊस लागेपर्यंत त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी टाका.

मशीन सुरू झालं की घाईने पहिली गाडी काट्यावर घेऊ नका. बॅटरी काढली-घातली असेल किंवा मेली असेल तर तारीख मागे गेलेली असते. पडद्यावर २००२ चा पहिला दिवस दिसतो. त्या तारखेची पावती शेतकऱ्याच्या हातात गेली तर पैसे घेताना खिडकीवर त्यालाच उत्तरं द्यावी लागतात. सुरू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून सेटअपमध्ये जा, तारीख आणि वेळ बरोबर करा, सेव्ह करून बाहेर या. इंडिकेटर रिकाम्या काट्यावर शून्य दाखवतोय आणि तेच शून्य कॉम्प्युटरवरही येतंय, हे बघा. एक चाचणी पावती काढून तिच्यावरची तारीख वाचा. मग गेट उघडायला सांगा.